गणित आणि अन्वय

आम्ही दोघे मराठीचे प्राध्यापक, राहतो पालेगावात. यंदा सोसायटीने मागच्या भिंतीलगतची जागा परसबागेसाठी दिली आणि ४० मीटर जाळी आणून ठेवली. तीन बाजूंना जाळी, चौथीला भिंत. आत जास्तीत जास्त जमीन यावी, एवढीच अट. आखणी आमच्याकडे आली, कारण आम्ही ‘प्राध्यापक’. कशाचे, हे सभेत कोणी विचारले नाही.

आम्ही चौरस सुचवला. चौरसात क्षेत्रफळ सर्वाधिक मावते, हे शाळेतले एक वाक्य तेवढे आमच्याजवळ उरले होते. बारावीतल्या मुलीने वही ओढली. चौरस केला तर बाजू १३.३३ मीटर, जागा सुमारे १७८ चौरस मीटर. मग म्हणाली, “भिंतीपासून निघणारी बाजू क्ष धरा. समोरची उरते ४० वजा २क्ष.” म्हणजे क्षेत्रफळ क्ष(४० − २क्ष). क्ष शून्य असता जागा शून्य. २० असता जाळी संपते, तेव्हाही शून्य. दोहोंच्या मधोमध १०; तेथे जागा २००. नऊ किंवा अकरा घेतले तर १९८, आठ किंवा बारा घेतले तर १९२.

“पण दोनशेच्या वर काही नाहीच, हे कशावरून?” आम्ही विचारले. तिने तीच राशी निराळी मांडली: २०० − २(क्ष − १०)². वर्ग कधी ऋण नसतो. तेव्हा दोनशेतून काही वजा होईल किंवा होणार नाही. भर पडणे शक्यच नाही.

आम्ही गप्प झालो. ओवीचा अन्वय लावताना आम्ही वर्गात दुसरे काय करतो? शब्द तेच, मांडणी बदलते आणि दडलेला अर्थ समोर येतो.

पूर्ण वर्ग करण्याची ही रीत जुनी. वर्गसमीकरण सोडवण्याचा श्रीधराचार्यांचा नियम भास्कराचार्यांनी आपल्या ‘बीजगणिता’त नोंदवला आहे. त्यांची ‘लीलावती’ ११५० ची, तीही श्लोकबद्ध. १०६० सालचा शिलालेख असलेले अंबरनाथचे शिवमंदिर दाखवायला आम्ही दरवर्षी विद्यार्थी नेतो. त्यानंतर ९० वर्षांनी लिहिलेली ‘लीलावती’ मात्र आम्ही कधी उघडली नव्हती.

वही मिटताना मुलगी म्हणाली, “आपल्या घरात गणित नाही, असं तुम्ही दोघं नेहमी सांगायचात. दहावीपर्यंत मला ते खरंच वाटायचं.” तिच्या आवाजात राग नव्हता. म्हणूनच ते अधिक लागले.

जाळी दहा, वीस, दहा अशी बसली. परवा बी.ए.च्या वर्गात एक विद्यार्थिनी म्हणाली, “गणित जमत नव्हतं म्हणून मराठी घेतलं.” एरवी अशा वाक्याला आम्ही हसून दाद देत आलो. या वेळी फळ्यावर एक भिंत काढली, तिला जाळी जोडली आणि म्हटले, “आज याचा अन्वय लावू.”