कागदी भिंतींचे घर

जपानमधील क्योटो हे फार पुरातन नगर आहे. इ. स. ७९४ मध्ये तेथे राजधानी वसली आणि हजार वर्षांहून अधिक काळ तो मान त्याच नगराकडे राहिला. परंतु त्याची खरी ओळख केवळ मंदिरांत आणि राजवाड्यांत शोधू नये. अरुंद गल्ल्यांतील जुन्या लाकडी घरांतही ती आढळते. या घरांना तेथे 'माचिया' म्हणतात. त्यांची दर्शनी बाजू अरुंद, पण आत ती लांबच लांब गेलेली. म्हणून लोक त्यांना गमतीने 'वाम माशाचा बिछाना' असे म्हणतात. पुढे दुकान, मागे राहण्याच्या खोल्या आणि मध्ये उजेड व वारा देणारे चिमुकले अंगण, अशी त्यांची ठेवण असते.

पूर्वी या घरांत व्यापारी आणि कारागीर आपल्या कुटुंबांसह राहत. आज त्यांपैकी काही घरांत दूरदूरच्या गावांहून आणि देशांतून आलेले विद्यार्थी व नोकरदार एकत्र राहतात. खोली ज्याची त्याची. स्वयंपाकघर, न्हाणीघर आणि अंगण मात्र सर्वांचे.

नवा बिऱ्हाडकरू दाराशी जोडे काढतो आणि त्याचे शिक्षण सुरू होते. खोल्यांमधील सरकती दारे लाकडी चौकटीवर कागद चिकटवून केलेली असतात. त्यांतून शेजाऱ्याचा खोकलाही ऐकू येतो. तेव्हा रात्री पाऊल हलके टाकावे, दार सावकाश सरकवावे, हे कोणी न सांगताही उमजते. विटांची भिंत जे काम स्वतः करते, ते कागदाची भिंत माणसांकडून करवून घेते. न्हाणीघरातही तोच धडा मिळतो. आधी बाहेर बसून अंग स्वच्छ धुवावयाचे आणि मगच ऊन पाण्याच्या टाकीत उतरावयाचे. कारण तेच पाणी मागून येणाऱ्यालाही हवे असते.

लाकूड आणि कागद म्हटले की आगीचे भय आलेच. १७८८ आणि १८६४ या वर्षांतील भीषण आगींत या नगराचा फार मोठा भाग भस्मसात झाला. म्हणून आजही अनेक घरांच्या दारांशी पाण्याने भरलेल्या तांबड्या बादल्या दिसतात आणि स्वयंपाकघरात 'अग्नीपासून सावध' असा अतागो देवस्थानाचा कागद चिकटवलेला असतो. एकाचा निष्काळजीपणा साऱ्या गल्लीला भोवतो, हे तेथील लोक विसरलेले नाहीत.

सकाळी घरापुढचा रस्ता झाडण्याची रीत मोठी मार्मिक आहे. आपल्या दारापुढची जागा झाडावयाची आणि शेजाऱ्याच्या हद्दीतील हातभर जागाही झाडावयाची. आपल्या रेषेवरच थांबणे कोतेपणाचे. पण फार पुढे जाणेही बरे नव्हे, कारण त्यामुळे शेजाऱ्याला आळशी ठरवल्यासारखे होते. साहाय्य करावे, पण कोणाला मिंधे करू नये, एवढा विचार त्या केरसुणीत आहे.

हे राहणे सुखाचेच असते असे नाही. हिवाळ्यात गारठा फटींतून आत शिरतो आणि जुन्या लाकडाची डागडुजी खर्चाची असते. त्यामुळे घरे पाडली जात आहेत. २०१६ च्या पाहणीत सुमारे ४०,००० माचिया उरल्याचे आढळले; त्याआधीच्या सुमारे सात वर्षांत साडेपाच हजारांहून अधिक नाहीशी झाली होती. १९५० च्या बांधकाम कायद्यानंतर तसेच घर पूर्वीच्या पद्धतीने नव्याने बांधणे अतिशय कठीण झाले आहे. म्हणजे पडलेले घर बहुधा कायमचेच गेले.

काही घरे प्रवाशांच्या मुक्कामासाठी राखली जातात. त्याने लाकूड वाचते. परंतु दोन दिवसांचा पाहुणा सकाळी उठून गल्ली झाडीत नाही. ते काम तेथे राहणाऱ्यालाच करावे लागते, मग तो त्या नगरात जन्मलेला असो वा परदेशातून आलेला असो. ज्या सकाळी तो शेजाऱ्याच्या दारापुढची हातभर जागा झाडू लागतो, त्या सकाळी तो भाडेकरू न राहता त्या गल्लीचा शेजारी होतो.