चढाला डिझेल

म्हसावदहून तोरणमाळकडे निघालं की राणीपूरपर्यंत कुठलीही गाडी गुणाची वाटते. पुढे घाट सुरू झाला की इंजिनाचा कस लागतो. पेट्रोलच्या ‘छोटा हत्ती’ टेम्पोची ताकद कागदावर डिझेलवाल्यापेक्षा जास्त असते, आणि ते खोटंही नाही. पण ती मिळते इंजिन मिनिटाला तीन-चार हजार फेऱ्यांवर किंचाळायला लागल्यावर. भरल्या गाडीला वळणावर जोर हवा असतो तो दीड-दोन हजारांवर, ड्रायव्हरचा पाय क्लचवरून पुरता उठलेलाही नसताना.

पेट्रोल इंजिन हवा आणि पेट्रोल एकत्र दाबतं, साधारण दहापट, आणि मग प्लगची ठिणगी टाकतं. जास्त दाबलं तर वेळेआधीच पेट घेऊन ठोके द्यायला लागतं. डिझेल नुसती हवा दाबतं, 16 ते 20 पट. ती इतकी तापते की नोझलचा फवारा आपोआप पेटतो. एवढा दाब सोसायचा म्हणून ब्लॉक, क्रँक, पिस्टन सगळंच जाडजूड. त्यामुळे गाडी महाग पडते, थडथडते, पण इंजिन उघडायची पाळी उशिरा येते. शिवाय उभ्या गाडीत डिझेल अगदी थेंबाथेंबानं जळतं. ऊस भरून कारखान्याच्या रांगेत थांबणाऱ्याला हे सांगावं लागत नाही.

आमच्या शहादा तालुक्यातली पपई उत्तरेकडे जाते. एकेक फळ रद्दीच्या कागदात गुंडाळून ट्रकमध्ये रचतात. गाडीला हिसका बसला की साल घासते, आणि तो डाग तिथल्या बाजारात पोचेपर्यंत काळा पडतो. शेताच्या बांधावरून भरला ट्रक काढताना जुना ड्रायव्हर ॲक्सिलरेटरला पायच लावत नाही. पहिला गेअर टाकतो, क्लच हळूहळू सोडतो, आणि गाडी आपल्या अंगानं निघते. टाटांनी 1954 मध्ये मर्सिडीज-बेंझबरोबर ट्रक बांधायला घेतले, 1986 मध्ये 407 आली. हे असं निघणं तेव्हापासून आपल्याकडे ट्रकवाल्यांच्या अंगवळणी पडलंय. पेट्रोलवर तेच करायला जा, गाडी बंद तरी पडेल नाहीतर उडी तरी मारेल.

उतारावर मात्र डिझेलचं कौतुक जपून करावं. पेट्रोलचा थ्रॉटल मिटला की इंजिन गाडीला मागे ओढतं. डिझेलची हवेची वाट बहुधा उघडीच, म्हणून ते तितकं धरत नाही. मोठ्या ट्रकला एक्झॉस्ट ब्रेक त्यासाठीच देतात. आणि आमचे बहाद्दर डिझेल वाचवायला घाटात न्यूट्रल करतात! गेअरमध्ये उतरताना पंप डिझेल तोडतोच. न्यूट्रलमध्ये उलट इंजिन चालू ठेवायला ते जळतं आणि ब्रेकचे लायनर करपतात ते वेगळेच.

हिशेब मात्र बदललाय. 2012च्या सुमारास पेट्रोल आणि डिझेलमध्ये लिटरमागे पंचवीस-तीस रुपयांचं अंतर होतं, तेव्हा विचार करायची गरजच नव्हती. 2014 मध्ये डिझेलचा भाव मोकळा झाला आणि अंतर आटलं. एप्रिल 2020 पासून धुराचा बीएस-6 नियम लागू झाला. नव्या ट्रकच्या सायलेन्सरमध्ये काजळी अडवणारी जाळी असते. ती जाळून साफ व्हायला गाडी तापून लांब धावावी लागते. शेत ते गाव, गाव ते शेत केलं की ती तुंबते. वर युरियाच्या पाण्याची वेगळी टाकी. त्यात शेतातला युरिया कालवून ओतणारेही मी पाहिलेत. त्या बिलाचा आकडा इथे लिहीत नाही.

म्हणून हल्ली कुणी विचारलं, "मेस्तरी, काय घेऊ?" की मी आधी माल आणि पल्ला विचारतो. म्हसावद ते शहादा भाजीपाला, किराणा, दिवसाला दोन खेपा असतील तर पेट्रोल घ्या दादा, स्वस्तात सुटाल. पपई दिल्लीला न्यायची असेल, किंवा तोरणमाळला सिमेंट चढवायचं असेल, तर डिझेलच. गॅरेजवाला म्हणून माझा फायदा कशात आहे, ते विचारू नका.