लाल वायर

लाल वायर म्हणजे फेज. भारतातला कुठलाही जुना वायरमन हे झोपेतसुद्धा सांगेल. लाल फेज, काळी न्यूट्रल, हिरवी अर्थिंग. पण जर्मनीत १९६५च्या सुमारापर्यंत लाल वायर अर्थिंगची असायची. काळी फेज, राखाडी न्यूट्रल. अर्थिंगची वायर थेट मशीनच्या लोखंडी अंगाला जोडलेली. आता ही माहिती नसलेल्या माणसाच्या हातात जर्मन मशीन द्या.

आमच्या घरी नेमकं हेच झालं होतं. मोठे काका १९६३ साली जर्मनीहून परतले ते ८ एमएमचा कॅमेरा आणि प्रोजेक्टर घेऊन. तिकडचा प्लग इथल्या बोर्डात बसेना, म्हणून कुणा वायरमनकडून थ्री-पिन लावून घेतला. मशीन चालू झालंच नाही, वर आजीला जबरदस्त झटका बसला. ‘जळालेलं मशीन’ असा शिक्का बसला आणि ते माळ्यावर गेलं. सोबत ५० फुटांचं एकुलतं एक रीळ. चालवलं तर जेमतेम चार मिनिटांचं, आणि ते घरात कुणीच पाहिलेलं नाही.

मामाने परवा प्लग उघडला. लाल फेजला, काळी न्यूट्रलला, राखाडी अर्थिंगच्या पिनला. ‘‘अगं, हे जळलेलं नाहीच. मोटरपर्यंत करंट पोचलाच नाही, सगळा पत्र्यावर!’’ म्हणजे साठ वर्षं आम्ही धडधाकट मशीनला जळकं म्हणत होतो. (आजीला ते ‘अवलक्षणी’ वाटायचं. तिचं काही चुकलं नव्हतं.)

वायरचं रबर बोटांत बिस्किटासारखं चुरत होतं, त्यामुळे नुसती जोडणी बदलून भागणार नव्हतं. मामाने नवी तीन पदरी केबल टाकली. हिरवी वायर अंगाच्या स्क्रूखाली घट्ट आवळली. मग मल्टिमीटरने दोनदा तपासलं: अंग आणि अर्थिंगची पिन जोडलेली हवी, अंग आणि फेज अजिबात नको. अमेरिकन मशीन असतं तर ११० व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर शोधावा लागला असता, आणि ६० हर्ट्‌झची मोटर आपल्या ५० वर रेंगाळली असती. जर्मनीचा तेव्हाचा पुरवठा २२० व्होल्ट, ५० हर्ट्‌झ, आपल्याला चालून जाणारा.

तरी थेट भिंतीत प्लग नाही. आधी सिरीज बोर्ड, म्हणजे मध्ये १०० वॅटचा पिवळा बल्ब. बल्ब लख्ख पेटला तर आत शॉर्ट. तो मंद लालसर राहिला. मोटर गुरगुरली.

रीळ मात्र आम्ही लावलं नाही. फिल्म इतकी वाळली आहे की दात्यांत अडकली तर तुकडेच होतील. ती आधी स्कॅन करणाऱ्याकडे जाईल. बाबांनी फक्त वीतभर उलगडून खिडकीकडे धरली. मी मोबाइलचा कॅमेरा झूम केला. ओट्यावर आजी, तांदळाच्या दाण्याएवढी. मांडीवर कुणीतरी टोपडं घातलेलं.

‘‘हा मी असणार,’’ बाबा म्हणाले, आणि चष्मा शोधायला आत गेले.