शेवटच्या सुईची तारीख

खुब्याचे हाड मोडलेल्या वृद्धाचा पाय शस्त्रक्रियेनंतर सुजतोच; आणि त्या सुजेत जखमेची सूज किती व शिरेत गोठू लागलेल्या रक्ताची किती, हे केवळ हाताने ओळखावे, या हव्यासात माझ्या वैद्यकीचा उत्तरार्ध गेला. गुडघ्याखालच्या हाडाच्या उंचवट्यापासून १० सेंटिमीटर खाली फीत लावून दोन्ही पोटऱ्यांचा घेर मोजावा आणि ३ सेंटिमीटरांहून अधिक तफावत निघाल्यास सावध व्हावे, हा शिरस्ता खरा. परंतु एक पाय शस्त्रक्रियेनेच फुगलेला असता ती तफावत कशाची साक्ष देणार? गुठळीचा माग घेण्यासाठी रक्तात मोजले जाणारे डी-डायमर तर या रुग्णांत बहुधा वाढलेलेच येते, आणि पुष्कळदा गुठळी पोटरीवर कोणतीही खूण न ठेवता थेट फुप्फुस गाठते. तपासणीच्या कागदांवर विसंबून पोटरीला हातही न लावणाऱ्या नव्या डॉक्टरांविषयी माझे मत चांगले नाही. पण या एका बाबतीत माझा हातही निर्णायक नाही, हे मान्य करणे भाग आहे.

म्हणून सारी भिस्त प्रतिबंधावर. अशा रुग्णांना रक्त गोठू न देणारे औषध दिल्यास फुप्फुसातील गुठळीने होणारे मृत्यू टळतात, हे बर्मिंगहॅमच्या सेव्हिट व गॅलॅघर यांनी १९५९ सालीच दाखविले होते. आज एनॉक्सापॅरिनची सुई ३५ दिवसांपर्यंत चालू ठेवतात. शस्त्रक्रिया नांदेडला होते, पण त्या मुदतीचा मोठा भाग आमच्या डोंगरकडा गावात, घरच्या बाजेवर जातो. तेथे आजीबाई पाणी पीत नाहीत. "पाणी पेलं की उठावं लागतंय, बाबा," एवढेच कारण. आणि न पिण्याने रक्त दाटते, न उठण्याने ते पायात साचते.

पोटावर काळानिळा डाग न उठू देता सुई देण्याचा मला फार अभिमान होता. आता हात कापतो, म्हणून घरोघरच्या सुनांना शिकवितो: बुडबुडा काढू नका, सुई बाहेर येईपर्यंत कातडीची चिमूट सोडू नका, नंतर चोळू नका. परवा एका सुनेच्या हातच्या सुयांनंतर सासूचे पोट इतके निर्मळ दिसले की कौतुकाआधी मला मत्सरच वाटला. तिने मात्र इस्पितळाचे कार्ड पुढे करून विचारले, "डॉक्टरसाहेब, ही सुई थांबवायची कधी?" कार्डावर मात्रा होती, तारीख नव्हती. मी ती ठळक देवनागरीत लिहून दिली, आणि त्याखाली, मालिशीला येणाऱ्या हाडवैद्याला पोटरी चोळण्यास सक्त मज्जाव.