पट्टीपासून नादापर्यंत: थेट वादनातील मिडीची वाट

संगणकावर ध्वनिमुद्रण करताना कीबोर्डची पट्टी आणि तिच्यामुळे ऐकू येणारा नाद या दोन स्वतंत्र गोष्टी असतात, आणि हे वेगळेपण अंगवळणी पडणे हाच या कामातील सर्वांत मोलाचा अनुभव ठरतो. अमेरिकेतील डेव्ह स्मिथ आणि जपानमधील इकुतारो काकेहाशी यांच्या पुढाकाराने १९८३ साली प्रचारात आलेल्या मिडी या संकेतपद्धतीतून ध्वनी वाहत नाही. कोणती पट्टी दाबली, किती जोराने दाबली आणि ती सुटली, अशी माहिती ० ते १२७ या आकड्यांत जाते. स्वरलिपीतला स्वर गायकाच्या गळ्यात उतरेपर्यंत जसा मूक असतो, तशीच ही माहिती सिंथेसायझरपर्यंत, म्हणजे नाद घडवणाऱ्या वाद्यापर्यंत किंवा प्रणालीपर्यंत, पोहोचेतो मूक असते.

पट्टी दाबताच पेटी बोलते अशा सवयीच्या वादकाला म्हणूनच सुरुवातीला कोड्यात टाकणारी शांतता भेटते. सॉफ्टवेअरमध्ये कीबोर्डची निवड झालेली असते, संदेश आल्याची खूण दिसते, पण त्या ट्रॅकवर सिंथच बसवलेला नसतो, किंवा येणारे वादन त्याच क्षणी पुढे सोडण्याची सोय, जिला इनपुट मॉनिटरिंग म्हणतात, ती बंद असते. उपकरण, ट्रॅक, चॅनेल, सिंथ आणि ध्वनीची बाहेर पडण्याची वाट या क्रमाने एकेक जोडणी तपासत गेल्यास अडथळा कुठे आहे ते नेमके कळते.

याच्या उलट अनुभव दुहेरी स्वराचा असतो. कीबोर्डमध्ये स्वतःचे आवाज असतील, तर पट्टी दाबल्यावर एक स्वर थेट त्यातून निघतो आणि तोच संदेश संगणकातून फिरून परत आल्याने दुसरा स्वर त्यावर चढतो, ज्यामुळे नाद पोकळ किंवा फाटलेला वाटतो. पट्ट्या आणि कीबोर्डचे अंतर्गत आवाज यांचा परस्पर संबंध तोडणारी ‘लोकल कंट्रोल’ ही सोय बंद केली की संदेशाला एकच वाट उरते. एका जोडणीवर सोळा चॅनेल मिळत असल्याने अनेक सिंथ वापरतानाही हीच शिस्त लागते. प्रत्येक सिंथने आपल्याच चॅनेलचे संदेश घ्यावेत, नाहीतर एकासाठी वाजवलेली फिरत सगळ्यांतून एकदम ऐकू येते.

वाट बरोबर असूनही स्वर उशिरा आला, तर वादनाची लय ढळते. हा उशीर मुख्यतः बफरमुळे होतो. बफर म्हणजे ध्वनीचे नमुने पुढे पाठवण्यापूर्वी साठवण्याची जागा. सेकंदाला ४८,००० नमुने घेतले जात असता २५६ नमुन्यांचा बफर सुमारे ५ मिलिसेकंदांची, तर १,०२४ नमुन्यांचा बफर सुमारे २१ मिलिसेकंदांची भर घालतो, आणि इतर टप्प्यांचा विलंब त्यात मिळाला की द्रुत लयीत बोटे नकळत मात्रेच्या पुढे पळू लागतात. म्हणून वाजवताना बफर लहान आणि मिश्रण करताना मोठा ठेवणे हिताचे असते.

मींड घेताना मात्र वाटेची मर्यादा खुद्द संगीतालाच भिडते. स्वर वाकवणारा पिच बेंडचा संदेश १६,३८४ पायऱ्यांइतका सूक्ष्म असला, तरी तो संपूर्ण चॅनेलला लागू होतो, त्यामुळे त्याच चॅनेलवर धरलेला षड्जही मींडेबरोबर सरकतो. षड्ज आणि सुरावट यांना निरनिराळे चॅनेल दिल्यास हा दोष टळतो. मिडीच्या एमपीई या विस्तारात तर वाजत्या प्रत्येक स्वराला शक्यतो स्वतंत्र चॅनेल मिळतो.

सिंथचा तयार नाद तेवढा न नोंदवता मिडीचे संदेशही ट्रॅकवर जपून ठेवावेत, कारण त्यामुळे वादन तेच ठेवून वाद्य पुढे केव्हाही बदलता येते. वादकाने ध्वनीची निवड करण्याआधी संदेशाची वाट निश्चित करावी. ती एकेरी, ज्ञात आणि कमी विलंबाची असेल, तरच त्याचे सगळे लक्ष सुरांवर राहू शकते.