१९७७ : नव्या युगाचा जुना वादक

१/ इतिहासाच्या विद्यार्थ्याला कालखंडांच्या चौकटी फार लवकर भेटतात. ब्रिटिश रॉक संगीताच्याही अशा चौकटी आहेत : साठीचा पूर्वार्ध रिदम अँड ब्लूजचा, १९६७ सायकेडेलियाचे, त्यानंतर प्रोग्रेसिव्ह रॉक आणि १९७७ पंकचे. पंकचा दावा होता की मागचे सारे रद्द, इतिहास येथून सुरू. आजचा थ्रेड या दाव्याला पुरून उरलेल्या गिटारवादकाविषयी : अँडी समर्स.

२/ जन्म ३१ डिसेंबर १९४२, लँकेशायर. बालपण दक्षिण किनाऱ्यावरील बोर्नमथमध्ये, ओढ जॅझची. त्याच गावच्या झूट मनीच्या ‘बिग रोल बँड’बरोबर तो लंडनला आला. सोहोच्या फ्लेमिंगो क्लबात ही मंडळी रिदम अँड ब्लूज वाजवीत. १९६७ मध्ये वारा फिरला. तेव्हा त्यांनीच ‘डँटॅलियन्स चॅरिअट’ हे नाव धारण करून सायकेडेलिक संगीत सुरू केले. चौकट बदलली, माणसे तीच राहिली.

३/ १९६८ मध्ये तो ‘सॉफ्ट मशीन’मध्ये गेला, त्यांच्यासोबत अमेरिकेत फिरला आणि काही महिन्यांतच बाहेर पडला. मग एरिक बर्डनच्या ‘अ‍ॅनिमल्स’मध्ये आला. वर्ष सरता सरता तोही बँड विसर्जित झाला. समर्स तेव्हा पंचविशीत होता, म्हणजे आज मी आहे त्याच वयाचा.

४/ यानंतर तो कॅलिफोर्नियातच राहिला आणि नॉर्थरिजच्या विद्यापीठात अभिजात गिटार शिकला. त्याच्या ध्वनिमुद्रिकांची यादी पाहिली तर ही वर्षे जवळजवळ कोरी दिसतात. पदव्युत्तर शिक्षण घेताना ‘पुढे काय?’ हा प्रश्न नातेवाइकांकडून वारंवार ऐकणाऱ्या मला या कोऱ्या जागेपाशीच थांबावेसे वाटते. यादीत नोंद नाही, म्हणून त्या काळात काही घडलेच नाही, असा निष्कर्ष इतिहासाच्या अभ्यासकाने काढू नये.

५/ १९७३ मध्ये तो इंग्लंडला परतला. केव्हिन कॉइन, जॉन लॉर्ड, केव्हिन एअर्स यांच्या साथीला वाजवू लागला. १९७७ मध्ये ‘गाँग’च्या माइक हाउलेटने एका कार्यक्रमासाठी त्याला स्टिंग आणि स्ट्युअर्ट कोपलंड यांच्यासोबत एकत्र आणले. त्या दोघांचा ‘द पोलिस’ हा बँड पंकच्या लाटेवर उभा राहू पाहत होता. त्याच वर्षी आधीचा गिटारवादक हेन्री पादोवानी गेला आणि चौतिशीतला समर्स त्याच्या जागी आला. पुढच्या वर्षी च्युइंगमच्या एका जाहिरातीसाठी तिघांनी केस सोनेरी रंगवले. नव्या युगाचा वेश पूर्ण झाला!

६/ मार्च १९८० मध्ये ‘द पोलिस’ मुंबईत वाजवून गेले. ‘न्यू वेव्ह’चा हा वादक तेव्हा ३७ वर्षांचा होता आणि आधीच्या प्रत्येक चौकटीतून जाऊन आलेला होता. पंकमधील गिटारच्या सलग गदारोळाऐवजी तो अर्धवट उघड्या कॉर्ड आणि प्रतिध्वनी वापरी, स्वरांमध्ये मोकळी जागा ठेवी. तिघांच्या बँडमध्ये ती जागाच बोलू लागे.

७/ याचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे १९८३ चे ‘एव्हरी ब्रेथ यू टेक’. अमेरिकेच्या यादीत ते आठ आठवडे अग्रस्थानी होते. गीताची मूळ कॉर्डरचना साधी होती. समर्सने बोटे ताणून प्रत्येक कॉर्डमध्ये नववा स्वर मिसळला आणि ती सुटी सुटी छेडली. त्या काळात आपण बार्टोकच्या व्हायोलिन-द्वयरचना गिटारवर वाजवून पाहत होतो, असे त्यानेच सांगितले आहे.

८/ गीतकार-संगीतकार म्हणून त्या गाण्यावर एकट्या स्टिंगचे नाव आहे. प्रचलित पद्धतीनुसार वाद्यवादनाची आकृती सहसा ‘रचना’ ठरत नाही. गाण्याचे हक्क कोणाचे, हे दस्तऐवज अचूक सांगतो. ते गाणे तसे का वाजते, हे समजण्यासाठी मात्र बोर्नमथच्या जॅझपासून नॉर्थरिजच्या कोऱ्या वर्षांपर्यंत मागे जावे लागते. १९७७ चा आरंभबिंदू तितका मागे होता.