टाकी निवडताना

मैत्रिणींनो, माठ वाजवून घेणाऱ्या आपण, मग पेट्रोलची टाकी का नाही पारखून घेणार?

मामंजींची 1978 सालची पद्मिनी अजून आमच्या दारात आहे. गेल्या पावसाळ्यात तिच्याजवळ गेलं की पेट्रोलचा वास यायचा. टाकी गंजून पाझरत होती. हे म्हणाले, "वेल्डिंग करून घेऊ." मी साफ नको म्हटलं. अहो, रिकाम्या टाकीतही वाफ उरते. ठिणगी पडली की भडकाच!

भंगारातली टाकी स्वस्त मिळत होती. हलवून पाहिली, तर आत गंज खुळखुळला. तो कार्ब्युरेटरमध्ये जाऊन बसला असता.

पद्मिनी निघायची बंद झाली 2000 च्या सुमारास. म्हणून जुनी टाकी सोबत नेऊन तशीच नवी करून घेतली. तोंड, नळीची जागा, काट्याचं भोक, सगळं ताडून पाहिलं. रबरी नळ्याही बदलल्या; हल्लीच्या पेट्रोलमधलं इथेनॉल जुन्या रबराला सोसत नाही. माझे भिशीचे पैसे गेले, पण घोर मिटला.

गाडी सुरू झाली, तेव्हा मामंजी काही बोलले नाहीत. आजवर कुणाला न दिलेली किल्ली त्यांनी माझ्या हातावर ठेवली.